तेरीज जुळली तरी

चाळिशी उलटलेल्या माणसाने चष्मा करावा, पहाटे फिरायला जावे, फार तर होमिओपाथीचे एखादे पुस्तक आणून घरच्यांवर प्रयोग करावेत. पण पुन्हा विद्यार्थी म्हणून कुठे नाव घालू नये, असे आमच्या घरात सर्वानुमते ठरले होते. सर्वानुमते म्हणजे सौ. आणि कन्या या दोघींच्या मते. तिसरे मत माझे. ते आमच्या घरी ऐकून घेतात, मोजत नाहीत. तरीही वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी, मराठीचा एम. ए., अठरा वर्षे मुलांना संतकाव्य आणि शुद्धलेखन शिकवणारा माणूस, मुक्त विद्यापीठाच्या बी. कॉम.ला नाव घालून मोकळा झालो.

कॉलेजात बातमी फुटायला वेळ लागला नाही. "पगार पुरत नाही वाटतं?" असे एकाने विचारले. दुसऱ्याला मी कादंबरीसाठी अनुभव गोळा करत असल्याचा संशय आला. तिसऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून, "मुलीचं लग्न ठरलं का?" अशी हळूच चौकशी केली. मी हसून वेळ मारून नेली. खरे कारण सांगायला जीभ रेटत नव्हती. आज सांगणार आहे. पण त्याआधी वाचकांनी माझ्याबरोबर जरा वर्गात येऊन बसावे, म्हणजे ते कारण नीट कळेल.

आमची संपर्कसत्रे रविवारी सकाळी असत. पहिल्या दिवशी मी दारातून आत शिरलो, तर सगळा वर्ग उठून उभा राहिला. एका मुलाने तत्परतेने फळासुद्धा पुसला. मी कुणाकडे न पाहता शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, तेव्हा जो हशा पिकला तसा माझ्या स्वतःच्या तासाला कधी पिकलेला मला आठवत नाही. शेजारी औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती. पुढच्या बाकावर एक रिक्षावाला होता आणि त्याच्या पलीकडे तान्हे मूल सासूपाशी ठेवून आलेली एक बाई. शिकवायला आले ते निघाले माझेच जुने विद्यार्थी! "सर, तुम्ही मला सारांशलेखनात पंचवीसपैकी सात मार्क दिले होते," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले, आणि माझा चेहरा पाहून दयाळूपणे पुढे म्हणाले, "इथं एक बरं आहे. अलंकार चालत नाहीत."

अलंकार चालत नाहीत हे खरे. पण शब्द तर लागतातच, आणि पहिली ठेच मला शब्दांनीच दिली. 'जमा' म्हणजे काहीतरी चांगले आणि 'नावे' म्हणजे कुणाच्या तरी माथी मारलेले, ही माझी आजवरची समजूत. येथे पाहावे तर गल्ल्यात रोकड आली की रोकड खाते नावे! मी कन्येचे अकरावीचे 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' माळ्यावरून काढले आणि रात्री तिच्याच पुढ्यात बसलो. "बाबा, पासबुकात तुम्हाला जमा दिसतं ना, ते बँकेच्या वहीत बँकेचं देणं असतं," ती म्हणाली. मला हे नवीन होते. मी बँकेत पैसे ठेवले की बँकेची भर झाली असे मी धरून चाललो होतो. बँक मात्र आपल्या डोक्यावर कर्ज झाले असे लिहीत होती. जो घेतो त्याच्या नावे, जो देतो त्याला जमा. एवढे एकच वाक्य पक्के करायला मला पंधरा दिवस लागले.

दुसरी ठेच धंदा आणि मालक यांच्या नात्याची. हिशेबाच्या दृष्टीने मालक वेगळा, धंदा वेगळा. मालकाने घातलेले भांडवल म्हणजे धंद्याचे मालकाला देणे. आणि मालकाने गल्ल्यातून घरच्या भाजीसाठी शंभर रुपये नेले तर ती त्याची 'उचल'. अठरा वर्षे वर्गात अद्वैत समजावून सांगितल्यावर हे रोकडे द्वैत पचवणे मला जडच गेले.

या विद्येवरचे पहिले छापील विवेचन एका साधूच्या हातचे आहे, हे कळल्यावर मात्र माझे मन थोडे रमले. लुका पाचोली हा इटलीतला ख्रिस्ती संन्यासी आणि गणिती. व्हेनिसचे व्यापारी आधीपासूनच हिशेब ज्या द्विनोंदी पद्धतीने ठेवत, ती त्याने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात मांडून दाखवली. वहीचा आरंभ देवाच्या नावाने करावा, असे तो व्यापाऱ्यांना सांगतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला कोऱ्या वहीवर 'श्री' काढतात, त्याची मला आठवण झाली. आता १९८९ पासून आयकरासाठी सर्वांचेच हिशेबाचे वर्ष एकतीस मार्चला संपते, दिवाळीला नाही. वहीच्या जागी बहुतेक ठिकाणी संगणक आला. पण पाडव्याच्या आदल्या दिवशी त्या संगणकालाही हळदकुंकू लागतेच. देवाच्या साक्षीने आकडे लिहावेत असे व्हेनिसलाही वाटले आणि आपल्या पेठांनाही वाटले, यात काहीतरी अर्थ असावा.

पहिले वर्ष असे ठेचकाळत गेले. दुसऱ्या वर्षी खरा अभ्यास सुरू झाला. पहिल्या वर्षी व्यवहार लिहायला शिकवतात. दुसऱ्या वर्षी, लिहिलेले खरे किती, असे विचारायला शिकवतात. एक लाखाचे यंत्र घेतले. दर वर्षी ते झिजणार, म्हणून घसारा काढायचा. सरळ रेषा पद्धतीने दहा टक्के धरले तर दर साल दहा हजार, की दहा वर्षांत यंत्र वहीतून नाहीसे. घटत्या शिलकीच्या पद्धतीने नव्वद हजार, एक्याऐंशी हजार, बहात्तर हजार नऊशे, असे ते झिजत राहते. शून्यावर मात्र कधीच येत नाही. "तुमचा घसारा कुठल्या पद्धतीचा म्हणायचा?" सौ.ने विचारले. दुसऱ्या, असे मी बाणेदारपणे सांगितले.

मग आला सावधगिरीचा धडा. माल शंभराला घेतला आणि बाजारात दीडशे झाला, तरी वहीत शंभरच राहायचे. पण भाव ऐंशीवर उतरला, तर लगेच ऐंशी लिहायचे. नफा पदरात पडेपर्यंत तो नफा नव्हे. तोटा मात्र दिसला की तो कबूल करायचा. मी घरी येऊन हे शास्त्र फारच निराशावादी आहे असे म्हणालो. "त्यात काय एवढं? माझ्या आईनं आयुष्यभर असाच संसार केला," सौ. म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

याच सुमारास एका रात्री मला तेरीज जुळवायची होती. नावेच्या बाजूची बेरीज आणि जमेच्या बाजूची बेरीज सारखी यायला हवी. माझ्या कागदावर नव्वद रुपयांचा फरक. दहा वाजले, अकरा वाजले, नव्वद रुपये काही सापडेनात. खिशातून नव्वद रुपये काढून वहीवर ठेवावेत आणि झोपावे, असेही एकदा मनात आले. शेवटी सरांनी सांगितलेली एक युक्ती आठवली. फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव. नव्वदला नवाने भाग जातो. मी पुन्हा वरपासून बोट ठेवत आलो, आणि पगाराच्या खात्यापाशी थांबलो. ४५० चे मी ५४० केले होते! रात्रीच्या साडेबारा वाजता मी टाळी वाजवली. सौ. दचकून उठली. "काय झालं?" "सापडले!" "कोण?" मी तिला काय सांगणार?

नंतर अंथरुणावर पडल्यापडल्या मला एकनाथांची गोष्ट आठवली. दरवर्षी मी ती वर्गात सांगतो. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींनी नाथांना हिशेबाचे काम दिले होते. एका रात्री एका पैचा मेळ बसेना, म्हणून नाथ दिव्याच्या उजेडात रात्रभर वह्या चाळत राहिले. आणि चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीने तुला इतका आनंद होतो, तर या संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! ही गोष्ट मी नेहमी स्वामींच्या बाजूने सांगत आलो. त्या रात्री ती प्रथमच मला नाथांच्या बाजूने कळली.

पण पुढच्याच रविवारी सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले : 'तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे नव्हे.' खाली त्यांनी चुकांचे प्रकार मांडले. व्यवहार मुळातच लिहिला नाही, तर दोन्ही बाजू सारख्याच अपुऱ्या, तेरीज जुळते. दोन्हीकडे एकच चुकीची रक्कम लिहिली, तेरीज जुळते. यंत्राची खरेदी दुरुस्तीच्या खर्चात घातली, तेरीज जुळते. एका चुकीने दुसरीची भरपाई केली, तरीही जुळते. नाथांची पै सापडली, कारण ती हरवल्याचे दिसत होते. जी चूक दोन्ही बाजूंना सारखीच बसली आहे, ती कुणाची झोप मोडत नाही.

सगळा वर्ग हे भराभर उतरवून घेत होता. माझे लिहिणे थांबले. कारण मला अशी एक चूक ठाऊक होती, आणि तिच्याखाली माझी सही होती.

आमच्या वसाहतीत एक छोटी पतसंस्था होती. तिच्या संचालक मंडळावर कुणी शिकलासवरलेला, भांडणतंटा न करणारा माणूस हवा होता, म्हणून मला बिनविरोध निवडून दिले. महिन्यातून एकदा बैठक. चहा, बटाटेवडा आणि पेन्सिलीने फुली केलेल्या जागी सही, असा कार्यक्रम. माझ्याकडे आणखी एक मानाचे काम होते. वार्षिक अहवाल छापायला जाण्यापूर्वी त्याचे शुद्धलेखन मी तपासायचे. शेवटच्या अहवालाची ती मुद्रिते मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला एक ओळ होती : 'थकित व्याज येणे'. मी लाल पेन्सिलीने 'थकित'चा 'थकीत' केला. त्या ओळीपुढचा आकडा मी पाहिला नाही. लेखापरीक्षकाच्या टिपणात, अगदी शेवटच्या पानावर, बारीक टाइपात एक वाक्य होते, की या रकमेसाठी पुरेशी तरतूद केलेली नाही. त्या वाक्यात 'तरतूद'चा ऊकार ऱ्हस्व पडला होता. तोही मी दीर्घ केला.

आकडा नऊ लाखांचा होता. संस्थेचा त्या वर्षीचा नफा होता सहा लाख. वर्गात बसून आल्यावर मला हे चौथीच्या गणितासारखे दिसते. कर्जदार व्याज भरो वा न भरो, संस्था दर वर्षी ते त्याच्या नावे लिहीत होती आणि तेवढेच उत्पन्नाला जमा करत होती. दोन्ही बाजू सारख्या, ताळेबंद चोख. पण त्या कर्जदारांपैकी कुणाचे वर्कशॉप बंद पडले होते, कुणाचे दुकान गेले होते. व्याज वसूल होईल असा भरवसा नसेल, तर ते उत्पन्न धरू नये, असे आपले लेखामानक सांगते. ते नऊ लाख वजा केले असते, तर सहा लाखांचा नफा नव्हता. तीन लाखांचा तोटा होता. आणि त्या नफ्यावर आम्ही टाळ्यांच्या गजरात लाभांश वाटला होता. तो मात्र रोख!

अडीच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात संस्थेतली रोकड संपली आणि ठेवी परत देणे थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराशी मामा उभे होते. कॉलेजातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. सगळे कॉलेज त्यांना मामा म्हणते. ग्रॅच्युइटीचे चार लाख त्यांनी आमच्या संस्थेत मुदतठेवीत ठेवले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावती काढून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "सर, गावच्या घराचं छप्पर काढून ठेवलंय. मृगाच्या आत घालायला पाहिजे. तुम्ही तिथं आहात म्हणून ठेवले होते." ते रागाने बोलले असते तर मला बरे वाटले असते. ते मला माहिती विचारत होते, आणि माझ्याजवळ ती नव्हती. नफ्यात असलेल्या संस्थेजवळ पैसे कसे नाहीत, हे मलाच कळत नव्हते.

पुढे प्रशासक आले, चौकशी झाली. कुणी पैसे खाल्ल्याचे निघाले नाही. निघाले असते तर आम्हांला बोट दाखवायला एक माणूस मिळाला असता. आम्ही सगळे भले लोक होतो. 'माणूस चांगला आहे, देईल' असे म्हणत कर्जांना मुदत देत गेलो. तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते : धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्यांनी त्याला काढून दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. औदार्य स्वतःच्या पैशाने करायचे असते. आम्ही ते मामांच्या पैशाने केले.

बी. कॉम.ला नाव घातले ते त्याच महिन्यात. यात प्रायश्चित्ताचा आव नाही. मी कवितेच्या एका ओळीवर तास घेतो, दोन शब्दांमधली मोकळी जागा मुलांना वाचून दाखवतो. आणि चार पानांचा एक मजकूर, ज्यावर एका माणसाचे छप्पर अवलंबून होते, तो मला वाचता आला नव्हता. वाचता येत नाही हे मला ठाऊक होते, तरी मी सही केली. माझ्या विद्यार्थ्याने पुस्तक न वाचता त्यावर टिपण लिहिले, तर मी त्याला नापास करतो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ख्यातीचा धडा होता. धंद्याने स्वतः मिळवलेली ख्याती कितीही मोठी असो, ती आपल्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही; दुसऱ्याचा धंदा विकत घेताना तिच्यासाठी पैसे मोजले असतील तरच ती वहीत येते. मला नियम पटला, पण त्या रात्री झोप लागली नाही. मामांनी पैसे ठेवले ते व्याजाचा दर पाहून नव्हे. मास्तरांचे नाव पाहून. त्या नावाची नोंद कुठल्याच वहीत नव्हती, आणि खर्ची पडले होते ते मात्र तेच.

छपरासाठी मी मामांना पन्नास हजार दिले होते. ते घेताना त्यांनी कागद मागितला. मी म्हटले, "मामा, कागद कशाला?" तर म्हणाले, "तुम्ही दिलेत, मी घेतले. माझ्या नावे लिहा. नाही तर उद्या दोघांनाही आठवायचं नाही." मला पंधरा दिवस लागलेला धडा सातवी शिकलेल्या मामांना पाठ होता. प्रशासकांनी ठेवी हप्त्याहप्त्याने परत द्यायला सुरुवात केल्यावर त्यांनी पहिल्याच हप्त्यातून माझे पन्नास हजार आणून दिले आणि तो कागद माझ्यासमोर फाडला. शेवटचा हप्ता या दसऱ्याला मिळाला. मुद्दल सगळे आले, व्याज बुडाले. ते बुडाले असे मामा म्हणत नाहीत. मी म्हणतो.

माझा निकालही त्याच सुमारास लागला. शंभरपैकी बावन्न. कन्येने पेढे वाटायला नकार दिला, सौ.ने मात्र देवापुढे साखर ठेवली.

परवा मामा पुन्हा आले. पैसे आता कुठे ठेवावेत, हे विचारायला. माझ्या मनात आले, हा माणूस अजून मला विचारतो आहे! त्यांनी दुसऱ्या एका संस्थेचा अहवाल बरोबर आणला होता. "तुम्ही बघा आणि सांगा," म्हणाले. मी म्हटले, "मी सांगणार नाही, मामा. आपण दोघे मिळून वाचू." त्यांना शेजारी बसवले आणि अहवाल शेवटच्या पानापासून उघडला. आधी लेखापरीक्षकाचे बारीक टाइपातले टिपण, मग येणे व्याज, मग तरतूद, मग हातातली रोकड. नफा सगळ्यांत शेवटी. प्रत्येक आकड्याला मामा बोट ठेवून विचारत होते, "हे आलेले की यायचे?" ताळेबंदाला विचारण्यासारखा याहून मोठा प्रश्न मला दोन वर्षांत कुणी शिकवलेला नाही.

पाचव्या पानावर पुन्हा तीच ओळ आली. 'थकित व्याज येणे', ऱ्हस्व. सवयीने माझा हात लाल पेन्सिलीकडे गेला. मी पेन्सिल उचलली आणि पुढच्या आकड्याखाली रेघ ओढली. मामांनी चष्मा वर करून विचारले, "हे आलेले की यायचे?"

"यायचे," मी म्हटले, आणि आम्ही पान उलटून तरतूद शोधू लागलो.